नवऱ्याच्या नावाचा रकाना

ड्रॉवर आवरताना पिवळा पडलेला प्लॅस्टिकचा स्टेन्सिल सापडला. कॉम्प्युटरमध्ये कुठली माहिती कशी ठेवायची याची आकृती कागदावर आखताना त्याच्या चौकोनी भोकातून मी ‘कर्मचारी’ अशी चौकट काढायचे आणि शंकरपाळीच्या आकाराच्या भोकातून त्यांची नाती.

ऐंशीच्या दशकातलं अंधेरीचं ऑफिस. मशीनसाठी एसी, म्हणून खिडक्या कायमच्या बंद. त्या आकृतीवरून मी कॉम्प्युटरमध्ये कर्मचाऱ्यांच्या माहितीचे तक्ते बनवत होते. विवाहित बाईपुढे नवऱ्याच्या नावाचा रकाना होता.

“रिकामा चालेल ना, सर?” मी साहेबांना विचारलं.

“लग्न झालंय म्हणजे नवरा असणारच. सक्तीचा कर.”

मी केला. नवऱ्याचं घर सोडून मी सहा महिने भांडुपला आईकडे राहतेय, हे ऑफिसात कुणालाच ठाऊक नव्हतं.

चाचणीच्या वेळी सगळे माझ्या खुर्चीमागे उभे राहिले. शेजारच्या टेबलावरची सुमन म्हणाली, “पहिली तुझीच माहिती टाक गं.”

नवऱ्याचं नाव न भरताच मी पुढे जायला गेले. मशीन बीप वाजवून तिथेच अडलं. पुन्हा तेच.

“टाक ना, लाजतेस काय!” सुमन हसली.

मी टाकलं. माझ्या नावाशेजारी ते हिरव्या अक्षरांत उमटलं.

“झकास!” साहेब म्हणाले.

तेव्हा साहेबांचा राग आला होता. आता वाटतं, ती सक्ती मी गुपचूप काढून टाकली असती, तर कुणाला कळलंही नसतं.