व्याह्यांचा फुल शर्ट

ज्या माणसाला मी व्याही समजून कडकडून मिठी मारली, तो गाडीवाला निघाला.

चूक माझीच, पण थोडी भाषेचीही. इंडोनेशियातल्या फ्लोरेस बेटावर, माउमेरेच्या चिमुकल्या विमानतळावर मी उतरलो, तेव्हा बाहेर होणारा जावई योसेफ उभा होता. त्याला मी मोबाईलवर पाहिलेलं. शेजारी पिकल्या केसांचे एक गृहस्थ. ते हात पुढे करून म्हणाले, "बापा! बापा!" म्हटलं, हेच ते बापूस (वडील). व्याह्यांनी गळाभेट घ्यायची ही आपली रीत, ती मी नुसती पाळली नाही, तर गोव्यातल्या पेडण्याहून आणलेली काजूची पिशवीही त्यांच्या हातात कोंबली. योसेफ मान खाजवत दुबईच्या हिंदीत म्हणाला, "अंकल, ये ड्रायवर है."

तिकडे कुठल्याही मोठ्या पुरुषाला बापा म्हणतात. तो बिचारा मलाच 'या साहेब' म्हणत होता. आणि तिथे आईला म्हणतात मामा. आता बोला!

काजू परत मागणं शक्य नव्हतं. गाडीवाल्यानं वाटेत पिशवी फोडून मलाच खायला दिले. खिडकीबाहेर पाहिलं, तर रस्त्याच्या दोन्ही अंगांना काजूचीच झाडं, बोंडांनी लगडलेली. म्हणजे मी मोपाच्या विमानतळावरून निघून, मुंबईला विमान बदलून, बालीला पुन्हा बदलून काजूच्या बागेत काजू घेऊन आलो होतो.

आता आलो कशाला, ते सांगतो. आमची गौरी दुबईच्या एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात काम करते, योसेफही तिथलाच. लग्न करीन तर याच्याशी, पण आईनं हो म्हटल्याशिवाय नाही, असं तिनं फोनवर सांगितलं. देऊळ की चर्च हा प्रश्न आमच्या हिनं एका वाक्यात संपवला. "देवाचा ती दोघा बघतली. तुम्ही घर बघून येवा. पाणी खयसून आणतत नि बापूस काय करता, ता बघा."

"तूही चल ना."

"माझे गुडघे विमानात मावाचे नाय."

पाण्याचं कारण असं, की डिचोलीला तिच्या माहेरी खाण खोल गेली तशी विहीर आटली. तेव्हापासून कुठलंही घर ती पाण्यावरून जोखते. बापाबद्दल गौरीनं एवढंच कळवलं होतं, "माडांचं बघतात." मी ते हिला सांगताना 'बागायतदार आहेत' असं सांगितलं. हिनं तो शब्द ऐकून माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं, इतकंच. तर पोरीचं लग्न आता माझ्या डोळ्यांवर अवलंबून होतं, आणि ते डोळे कसले, हे विमानतळावर दिसलंच आहे.

गावाचं नाव वाइरपुआन. 'वाइर' म्हणजे पाणी, योसेफनं सांगितलं. नावात पाणी आहे तेवढंच, बाकी डोंगर करडा, माती भुसभुशीत. खाली निळाशार समुद्र, वर ढगात डोकं खुपसून बसलेला ज्वालामुखी, आणि मधल्या उतारावर तीसेक घरं. बांबूच्या तट्ट्यांच्या भिंती, पत्र्याची छपरं. प्रत्येक घराच्या अंगणात, आपल्याकडे तुळस असते तिथे, फरशी बसवलेली पूर्वजांची थडगी. एका थडग्यावर मिरच्या वाळत होत्या, दुसऱ्यावर एक मुलगी पाढे म्हणत बसली होती. माणूस गेल्यावरही त्याला घरच्या राबत्यात ठेवायची ही पद्धत मला फार आवडली.

ओसरीवर योसेफची आई कमरेला माग बांधून विणत होती. धागे आधी गाठी मारमारून रंगवायचे, मग विणायचे. नक्षी विणण्याआधीच धाग्यात असते. मी कौतुकानं पाहत राहिलो. तिनं पान-सुपारी पुढे केली. तोंड तिचं आमच्या मावशीसारखंच लालभडक. पाय धुवायला तांब्याभर पाणी मिळालं, ते मी घरच्या सवयीनं भस्सकन ओतणार, तेवढ्यात तिनं माझ्या पायांखाली चपळाईनं घमेलं सरकवलं. माझ्या पायांचं पाणी मग मिरचीच्या रोपाला गेलं. पावसाचं पाणी पत्र्यावरून टाकीत साठवायचं, आणि ते संपलं की दूरच्या झऱ्यावरून आणायचं. म्हटलं, हिच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. पाणी कमी, पण पाण्याची किंमत जाणणारी सासू.

खरे व्याही संध्याकाळी भेटले. पाउलुस परेरा. हो, परेरा! पोर्तुगीज तिथेही आडनावं वाटून गेले. सात समुद्र ओलांडून शोधला व्याही, आणि त्याचं आडनाव आमच्या पोदेराचं (पाववाल्याचं). अंगात इस्त्रीची धार असलेला फुल शर्ट, मनगटापर्यंत बटणं लावलेली. उकाड्यानं माझा जीव चाललेला, पण या माणसानं बाही दुमडली नाही. हात मांडीखाली घेऊन बसला आणि नुसता हसला. या वेळी मिठी मारायचं धाडस मला झालं नाही. मनात म्हटलं, मोठा जमीनदार दिसतो, आमच्यासारख्या वीज खात्यातल्या कारकुनाशी काय बोलणार?

जेवायला मक्याचे कण घातलेला भात, भाजलेला बांगडा आणि चक्क मशिंगाच्या (शेवग्याच्या) पाल्याची पातळ भाजी. मध्येच वारा सुटला. आई योसेफला म्हणाली, "जंदेला!" तो उठायच्या आत मी खिडकी लावून मोकळा. सगळे अवाक. आमच्याकडे खिडकीला जनेल म्हणतात, हे त्यांना कोण सांगणार? तेवढ्या एका खिडकीमुळे मी त्या घरात विद्वान ठरलो. व्याही तेव्हाही हसले, पण हात मांडीखालीच.

पहाटे जाग आली ती आवाजानं. टक् टक् टक्. थोडं थांबून पुन्हा टक् टक् टक्.

मी अंथरुणात उठून बसलो. हा आवाज मी कुठेही ओळखेन. माडाची पोय (न उमललेला फुलोरा) लाकडानं हळूहळू ठोकतात, म्हणजे रस उतरतो. माझे बाबा, म्हणजे आमच्या हिचे मांव (सासरे), रेंदेर होते. माडावर चढून सूर (ताजी माडी) काढायचे. छातीला आणि हातांना माडाच्या खवल्यांनी घट्टे पडलेले. माझं लग्न ठरत होतं, तेव्हा मी डिचोलीला जाऊन सांगितलं, आमचे बाबा बागायतदार. मुलीकडची माणसं घर बघायला आली, त्या दिवशी मी बाबांना फुल शर्ट इस्त्री करून दिला. उन्हाळ्याचे दिवस. बाबा दुपारभर हात मांडीखाली घेऊन बसले आणि नुसते हसले.

बाहेर आलो. पाउलुस परेरा, बागायतदार, माडाच्या शेंड्यावर होते. कमरेला काती (पोय तासायची रुंद सुरी), पाठीला बांबूचं नळकांडं. सरसर उतरले, मला पाहिलं, आणि आधी धावले ते कुंपणावर टाकलेल्या शर्टाकडे.

"नको, नको!" मी मराठीतच ओरडलो. त्यांना मराठी कुठून कळणार? शेवटी त्यांच्या कमरेची काती काढून घेतली, बाबा करत तशी नखावर धार पाहिली, वर माडाकडे बोट केलं आणि म्हणालो, "माझे बापा. टक् टक् टक्."

त्यांनी माझे कारकुनी हात उलटसुलट करून पाहिले. आधी विश्वासच बसेना. मग असे हसले, की घरातून आई बाहेर आली. तिच्यादेखत मी मिठी मारली, आणि या वेळी माणूस बरोबर होता. अंगाला घामाचा आणि गोड सुराचा वास. तो वास मला पुन्हा मिळेल असं वाटलं नव्हतं.

इथवर थांबलो असतो तर शोभा झाली नसती. पण नळकांड्यातला सूर पोटात गेला आणि रेंदेराचा पोर असल्याचं सिद्ध करायला मी माडाला हात घातला. तीन खाचा चढलो. खाली मात्र एकदम आलो, छाती माडाला घासत.

निघताना योसेफच्या आईनं आमच्या हिच्यासाठी स्वतः विणलेलं निळं-तांबडं कापड दिलं. व्याही विमानतळावर आले, पुन्हा फुल शर्टात. परतीच्या तिन्ही विमानांत मी एकच वाक्य घोकत होतो, 'व्याही रेंदेर आहेत, माझ्या बाबांसारखे.' तीस वर्षांत न बोललेलं वाक्य, पण आता बोलायचंच. पेडण्याला घरात पाऊल टाकलं, हिनं पाण्याचा तांब्या दिला आणि विचारलं, "बापूस काय करता?"

"बागायतदार आहेत," मी म्हणालो. जीभ जुन्या वाटेनंच गेली.

तिनं पाण्याचं, सासूचं, थडग्यांचं सगळं ऐकून घेतलं, कापड गालाला लावून पाहिलं. मी आंघोळीला शर्ट काढला तेव्हा तिचं छातीकडे लक्ष गेलं.

"ह्या काय?"

"विमानात सीटबेल्ट काचला."

"सीटबेल्टाक खवले असतत?" ती खोबरेल घेऊन आली आणि ओरखड्यांवर बोटं फिरवत, माझ्याकडे न बघता बोलू लागली. "लग्नाक आठ दिवस झाले नसतीत. मी पाण्याक गेलंय तर बागायतदार माडार. माका बघल्यानी नि खाली उतराक नाय. मी कळशी ठेवलंय, पाठ केलंय, तेव्हा उतरले. मांव जिते असासर रोज त्या वेळाक मी पाठ करून उभी रवलंय." तिनं बाटलीचं बूच लावलं. "गौरीक फोन लावा. नि त्या परेरांका सांगा, लग्नाक हाफ शर्ट घालून येवा म्हणान."