सकाळी बांधलेली गाठ

शाळेत माझे हात कधी निळे असायचे, कधी तांबडे. शाईशी खेळते असं समजून बाईंनी एकदा मला वर्गाबाहेर उभं केलं होतं. आम्ही म्हैसूरचे मराठी रंगारी. दोन भाड्याच्या खोल्या, मागच्या बोळात चुलीवर तांब्याचे हंडे. पावसाची झड लागली की ओल्या साड्या घरात आणि आम्ही दारात. कामच नसलं तर आई भातात पाणी वाढवायची आणि सगळ्यांचं पोट बिघडलंय म्हणून आज गंजी, असं सांगायची. तेवढी पोटं आमची कधीच बिघडली नव्हती.

माझे वडील, अप्पा, तिसरीपर्यंत शिकलेले. मी बी.एस्सी. झाले, आमच्या सगळ्या नात्यात पहिली. याचा मला गर्व आहे आणि तो मी लपवत नाही. त्या दिवसापासून घरात कुठलाही कागद आला की माझ्यापुढे यायचा. विजेचं बिल, रेशनकार्ड, कानडी लग्नपत्रिकासुद्धा. मी वाचून मराठीत सांगेन ते खरं, असं ठरून गेलं होतं.

अप्पांच्या बायपासच्या संमतीचा कागदही माझ्यापुढेच आला. इंग्रजीत, चार पानं. अप्पा खाटेवर, आई त्यांच्या पायाशी. मी एकेक ओळ सांगत गेले. भूल, रक्तस्राव, जंतुसंसर्ग. मग ती ओळ आली. ऑपरेशननंतर काही जणांचा गोंधळ उडतो, आठवण आणि लक्ष कमी होतं, आणि थोड्यांच्या बाबतीत ते तसंच राहतं. मी अप्पांकडे पाहिलं. त्यांचा ओठ आधीच थरथरत होता. ती ओळ न सांगता मी पान उलटलं.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं. इथं सही करा."

त्यांनी सावकाश, आपल्या मोठ्या अक्षरात सही केली.

ऑपरेशन छान झालं, असं सगळे म्हणाले. तिसऱ्या दिवशी सकाळी मी आत गेले तर अप्पा हातातल्या नळीसकट हवेत काहीतरी ढवळत होते. नर्सला मराठीत म्हणत होते, "आधण आलं का बघ गं, साडी घालायची आहे." तिला एक शब्द कळत नव्हता. माझ्याकडे त्यांनी पाहिलं आणि ओळखलं नाही. दोन दिवसांनी ओळखलं. तरी मी बाहेर येऊन आईला म्हटलं, अप्पांचं काहीतरी बिघडलंय.

"भुलीची गुंगी आहे," आई म्हणाली. "सुम्ने, उगाच घाबरवू नकोस मला."

तीन महिन्यांनी ते पुन्हा कामावर आले, आणि तिथं कळलं.

रंगाच्या हंड्यात कागदाची चिठ्ठी टिकत नाही. म्हणून आमच्याकडे साडीच्या कोपऱ्याला दोरा ओवतात आणि त्याला गाठी मारतात. पहिल्या गाठी रंगाच्या. त्या पणजोबांपासून ठरलेल्या आहेत. नंतरच्या गाठी गिऱ्हाइकाच्या. त्या अप्पा त्या त्या दिवशी ठरवायचे आणि डोक्यात ठेवायचे. वाफेत डोळे उघडता येत नाहीत, तेव्हा बोटांनी गाठ चाचपली की त्यांना साडी कुणाची ते कळायचं. वहीत लिहा म्हटलं तर म्हणायचे, "तुझी वही भिजली की तू काय करशील?"

आता रंगाच्या गाठी त्यांना पाठ होत्या. पण सकाळी स्वतः बांधलेली गिऱ्हाइकाची गाठ दुपारी बोटांत धरून ते नुसते उभे राहायचे. एकदा कुठली साडी कुणाची ते आठवेना म्हणून अंदाजानं कोपरे उसवून रंगाच्या गाठींसकट दोरे नव्यानं घातले, आणि एका बाईंची हळदी रंगात हवी असलेली लग्नातली रेशमी साडी गडद हिरवी होऊन बाहेर आली. गडद रंग उतरवायला गेलं की रेशमाचा जीव जातो. बाईंनी घडी उलगडून पाहिली. साडी छातीशी धरून निघून गेल्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी शाळेत मुलांना विज्ञान शिकवते. घरी येऊन अप्पांची परीक्षा घ्यायला लागले. बोलता बोलता विचारायचे, सकाळी नाश्त्याला काय होतं, काल कोण आलं होतं. चुकले की मनात हिशेब सुरू व्हायचा. आज चाललंय ते उद्या वाढेल, एक दिवस हे पुन्हा मला ओळखणार नाहीत, आणि ही गोष्ट त्यांना सहीआधी सांगण्याचं काम माझं होतं.

"काय की, कशाला ते," एकदा अप्पा चहाचा ग्लास खाली ठेवत म्हणाले, "रोज पेपर काढतेस. पास का नापास ते तरी सांग."

मी जुनी फाईल काढली आणि ती ओळ त्यांना मराठीत वाचून दाखवली. आई दारात उभी होती.

अप्पांनी त्या ओळीवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "वाचली असतीस तरी सही केलीच असती मी. छातीत दुखत होतं माझ्या, डोक्यात नाही." आणि फाईल मिटत, "पण मला घाबरायचं होतं तर घाबरू द्यायचं होतंस. कागद माझा होता."

आई एवढंच म्हणाली, "इतकं शिकवलं ते पान उलटायला?"

आम्ही तिघं डॉक्टरांकडे गेलो. या वेळी बोलले अप्पा. डॉक्टर म्हणाले, बऱ्याच जणांचं काही महिन्यांत सुधारतं. तुमचं किती सुधारेल ते आज सांगता येत नाही. हॉस्पिटलात ज्यांचा असा गोंधळ उडतो त्यांना पुढं स्मृतिभ्रंशाचा धोका जास्त, पण तो सगळा ऑपरेशनमुळेच नसतो. ज्या रोगानं हृदयाच्या नळ्या तुंबतात, तो मेंदूच्या नळ्यांनाही सोडत नाही. बीपी सांभाळा, साखर सांभाळा, चाला, माणसांत बसा, काम सोडू नका.

तेव्हापासून अप्पा रोज सकाळी कुवेंपुनगरच्या उद्यानात चार फेऱ्या मारतात. गोळ्या घेतल्या की मनगटावरच्या दोऱ्याला गाठ मारतात. साडी घेताना गिऱ्हाइकासमोर गाठ बांधतात आणि मोठ्यानं सांगतात, कुणाची, कुठला रंग. गिऱ्हाइकांना गंमत वाटते. तीच गाठ मी माझ्या दोऱ्यावर मारते आणि शेजारी वहीत नाव लिहिते. आता ते वहीला काही म्हणत नाहीत. पहिल्या महिन्यात दिवसाला तीन-चारदा माझा दोरा मागायचे. मग एकदा, मग आठवड्यातून एकदा.

भीती गेलेली नाही. ते एखाद्या शब्दाला अडले की मी अजून हातातलं काम थांबवते.

यंदा दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात नऊ साड्या आल्या. त्यांतली एक त्याच बाईंची होती, पुन्हा हळदी रंगाला. मी माझा दोरा खिशात ठेवून हंड्यापाशी उभी होते. अप्पांनी तो मागितला नाही. नऊही साड्या हव्या त्या रंगात ज्याच्या त्याच्या घरी गेल्या.