विमानाचं गाऱ्हाणं

समितीच्या वहीत पुढून ठराव लिहायचे, ही पद्धत. मी मागूनही लिहायला लागले. जे पुढे लिहिण्यासारखं नव्हतं, ते मागे. आता मागची पानं पुढच्यांना येऊन टेकलीत. आणि पुढच्या इतक्या पानांत कामाला आलं ते एकच वाक्य.

झालं असं, की नौदलाला एक जुनं, निवृत्त झालेलं पंख्याचं विमान कुणाला तरी द्यायचं होतं. गोव्यात पेडणे तालुक्यातून हळर्णने मागितलं, डिचोलीतून शिरगावने. नौदलाचे साहेब म्हणाले, "दुरुस्त कोण करणार आणि ठेवणार कुठे, हे एकमताने लिहून द्या. नाहीतर दुसऱ्या राज्याला देतो."

म्हणून दोन्ही गावांची मिळून समिती. अध्यक्ष हळर्णचे भाऊ, रिटायर्ड हेडमास्तर. त्यांना विमान शाळेच्या पटांगणात हवं, पोरांना रोज दिसेल असं. समोर शिरगावचा दत्ताराम. त्याच्या शेडमध्ये एकेकाळी खाणीचे ट्रक दुरुस्त व्हायचे, आता कबुतरं असतात. आणि चिटणीस मी. लायब्ररीत काम करते, अक्षर बरं आहे, एवढाच माझा गुन्हा.

आणि बाबलमामा. हळर्णचेच. उमेदीची वर्षं नौदलात फिटर होते, ह्याच जातीच्या विमानांवर. त्यांना हे विमान पुन्हा बरं करायचं होतं, गुडघे खाली बसू देतात तोवर. त्यासाठी छप्पर हवं, क्रेन हवी, वेल्डर हवा. ते सगळं शिरगावला. म्हणजे गावाच्या लेखी मामा फितूर.

*

पहिल्याच सभेत नौदलाचं इंग्रजी पत्र मी मराठीत वाचून दाखवलं. त्यात एक अट होती. विमान जसं आहे तसं घ्यायचं, आणि जिथं आहे तिथून उचलायचं तुम्ही. मी ऐटीत वाचलं, "विमान जसं आहे तसं, जिथं आहे तिथंच मिळेल."

सभा तासभर चालली. तिथंच राहणार तर आपलं काय? भाऊंनी तर तोडगाही काढला. दोन्ही गावांनी मालक व्हायचं, आणि विमानाने नौदलाकडे राहायचं. टाळ्या पडल्या. असं एकमत नंतर कधी झालं नाही.

चहा आल्यावर दत्ताराम म्हणाला, "वयनी, ता पत्र परत एकदा वाच गे. सावकाश."

ठराव रद्द करायचा ठरावही माझ्याच अक्षरात आहे.

*

माझं माहेर कारापूर, म्हणजे डिचोली तालुका. सासर हळर्ण. चिटणीस म्हणून मला मत नव्हतं, पण हे घरी कोण मानणार?

कारापूरहून धाकट्या भावाचा फोन आला. "ताई, शिरगाव म्हणजे आपलोच तालुको. माहेराक एक विमान दी."

मी म्हटलं, "लग्नातलं कपाट पोचवायला तुम्ही तीन वर्षं लावलीत. आणि मी विमान देऊ?"

इकडे सासूबाई पेज वाढता वाढता म्हणाल्या, "विमान शिरगावाक गेला तर तूय तेच्यातच बसान जा."

"आई, ते उडत नाही."

"माका ठावक आसा. मगे चलत जा."

*

मग आम्ही विमान बघायला गेलो. नौदलाच्या तळावर एका कोपऱ्यात, कमरेएवढ्या गवतात उभं होतं. बाबलमामा, फणस पारखावा तसे, त्याच्या पोटावर बोटांनी टकटक करत सगळीकडून फिरले. कान लावून ऐकत होते.

"म्हातारेचा पोट बरां आसा," शेवटी म्हणाले. "गुडघे गेले." चाकांच्या पायांबद्दल बोलत होते. मग जरा थांबून, "माझ्यासारखीच."

भाऊ उगाच चष्मा पुसायला लागले.

तेवढ्यात मला वैमानिकाच्या जागेत बसून फोटो काढायची हौस आली. जवानाने शिडी लावली, मी चढले, बसले, फोटो निघाला. उतरायला गेले तर कंबर अडकली. पुढे होईना, मागे होईना. जवान सभ्य, तो दुसरीकडे बघायला लागला.

दत्ताराम खालून म्हणाला, "वयनी, जसं आहे तसं, जिथं आहे तिथंच राहूंदी?"

*

शिरगावच्या शेडवर भाऊंची एक हरकत होती. ते स्वतः टेप घेऊन तिथे गेले, माप घेतलं, आणि सभेत पाटीवर आकृती काढून दाखवली. विमानाचे पंख एवढे, शेडचं दार एवढंच. बसणार नाही.

दत्ताराम म्हणाला, भिंत पाडतो. भाऊ म्हणाले, भिंत पाडली तर वरचं छप्पर कशावर राहणार? दत्ताराम म्हणाला, खांब घालतो. भाऊ म्हणाले, खांब मग पंखाला लागणार. ह्यात दोन सभा गेल्या. तिसरीत इंजिनीअर बोलवायचं ठरत होतं, तेव्हा बाबलमामांनी खिडकीजवळून सांगितलं, "तिचे पंख मिटतत."

"म्हणजे?"

मामांनी दोन्ही हात कोपरात दुमडून वर धरले. "बोटीवर जागा खंय असता? मिटून ठेवतत."

भाऊंच्या हातातला खडू तसाच. "मग दोन महिने बोलला का नाहीस?"

"कोणी इचारूकच नाय."

*

आमच्याकडे चार माणसं जमली की नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणं घालायचं. एकाने मागणं मागायचं, आणि प्रत्येक मागण्याला बाकीच्यांनी म्हणायचं, "व्हय महाराजा." लहानपणापासूनची सवय. काय मागितलं हे कानात शिरायच्या आधी तोंडातून होकार गेलेला असतो.

एका सभेत दत्ताराम आपल्या शेडबद्दल बोलत होता. बोलता बोलता सूर लागला. "छप्पर आसा, क्रेन आसा, वेल्डर आसा, विमान आमकांच मिळूंदी रे महाराजा."

"व्हय महाराजा," सगळी सभा म्हणाली. हळर्णवालेसुद्धा.

"लिही, वयनी," दत्ताराम म्हणाला.

भाऊ उठलेच. "तो ठराव नव्हे, ती सवय आहे." आणि त्यांनी मला तिथल्या तिथे लिहायला लावलं. सभेच्या कामकाजात कुणी महाराजा म्हटल्यास ते धरू नये. महाराजा फक्त गाऱ्हाण्यातला धरावा.

खाली सही अध्यक्षांची. पल्लेदार.

*

शेवटच्या सभेला साहेब स्वतः आले. आज कागद नाही मिळाला तर विमान गेलं, हे सगळ्यांना माहीत होतं. तरी भाऊ हलेनात आणि दत्ताराम वाकेना. साहेबांनी दोनदा घड्याळ बघितलं आणि फाइल बंद केली.

बाबलमामा पिशवीतून नारळ काढून टेबलावर ठेवत म्हणाले, "साहेब निघाचे आधी गाऱ्हाणां घालूया. तेवढां तरी करूया."

त्याला कोण नाही म्हणणार? सगळ्यांनी चपला काढल्या, हात जोडले. साहेबांनीही टोपी काढली.

"बा देवा महाराजा, आज ही दोन गावची लेकरां तुझ्या पायाकडे जमली असत."

"व्हय महाराजा."

"कोणाच्या मनात काय वाकडां आसात तर ता सरळ कर रे महाराजा."

"व्हय महाराजा."

"ही म्हातारी पावसान भिजता. तिका शिरगावच्या शेडीत ने, आनि ह्या बाबल्याच्या हातान बरी कर रे महाराजा."

"व्हय महाराजा."

"बरी झाली काय तिका हळर्णाक घेवन ये, शाळेकडे पत्रे घालून बसय, भाऊच्या पोरांका रोज दिसांदी रे महाराजा."

"व्हय महाराजा," दत्ताराम डोळे मिटून म्हणाला.

नारळ फुटला. मी वही उघडली आणि लिहायला घेतलं. भाऊंचे हात अजून जोडलेलेच होते. ते माझ्याकडे वाकून हळूच म्हणाले, "बाई, आत्ता त्या शिरगावच्या मागण्याला मी पण म्हटलं?"

"तुमचाच आवाज मोठा होता, भाऊ."

त्यांनी वहीची पानं मागे उलटली, महाराजाच्या ठरावाखालची स्वतःची पल्लेदार सही बघितली, आणि पेन मागितलं. मग दत्तारामने सही केली, मग बाकीच्यांनी.

मी ते पान फाडून दिलं. साहेबांनी कागद घेतला, नावं मोजली, आणि आमच्याकडे बघत विचारलं, "ये महाराजा कौन हैं? उनके भी साइन लगेंगे."

बाबलमामांनी अर्धा नारळ त्यांच्या हातात ठेवला.