आजीची बैलबोली

“पॅरालिसिस आहे,” नगरच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले. पॅरालिसिस म्हणजे अर्धांगवायू. मेंदूतली रक्ताची वाट तुंबते आणि अर्धं अंग लुळं पडतं. आजीचं उजवं पडलं होतं. मी अशी मान डोलावली, जणू रोज दोन-चार पॅरालिसिस बघत होते. मग बाहेर बाकावर जाऊन बसले.

बहात्तरच्या दुष्काळातली गोष्ट. सकाळी गोठ्यात बैलांना पाणी पाजताना आजी बादलीसकट कोसळली. मला आधी वाईट वाटलं ते सांडलेल्या पाण्याचं. आजी उठत नाही, हे नंतर ध्यानात आलं. अशी मी अकरावी पास शहाणी! मिळेल त्या ट्रकने तिला आमच्या काष्टी गावाहून नगरला आणलं. आई दुष्काळी कामावर खडी फोडत होती, म्हणून आजीपाशी आम्ही दोघंच राहिलो, माझे वडील म्हणजे दादा आणि मी.

“वाचा गेली आहे. याला अफेझिया म्हणतात,” डॉक्टर म्हणाले. म्हणजे माणसाला शब्द सापडत नाहीत, कधी दुसऱ्याचं बोलणंही उमगत नाही. गिळता येईना म्हणून नाकातून नळी घातली. तिला रायल्स ट्यूब म्हणतात. पातळ पेज त्यातून जायची.

मी तिच्या छातीकडे बघत बसायची. चादर हलली नाही की नाकाखाली बोट धरायची. एका सकाळी शेजारची खाट रिकामी दिसली. गादी उन्हात टाकली होती. त्यानंतर मी पाणी प्यायलाही जाईना. वाटायचं, आपण वळलो की हिचीही गादी उन्हात.

डॉक्टर रोज सांगायचे, “आजीबाई, डोळे मिटा. पाय उचला.” आजी छताकडे बघत राहायची. शेवटी ते दादांना म्हणाले, “समजच राहिली नसेल तर आमच्या हातात फार काही नाही. उद्या बघू, नाहीतर घरी न्या.”

‘घरी न्या’ म्हणजे काय, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. दादांनी टोपी काढून तोंड पुसलं. “सोयऱ्यांना निरोप धाडावा लागंल,” एवढंच म्हणाले.

त्या दुपारी आजीचे ओठ हलले. मी कान लावला. “नीरु कुडि... नीरु कुडि...”

हे तर मी गोठ्यात ऐकलं होतं! पडताना ती बैलांना हेच म्हणत होती.

आजी विजापूरकडची. आजोबा तिकडच्या जत्रेत बैलजोडी घ्यायला गेले, तिथंच सोयरीक जमली. आजीच तिखट हसून सांगायची, “जोडी पसंत पडली, संगं मी आले.” सासूने बजावलं, घरात आमची बोली बोलायची. मग तिची कानडी उरली गोठ्यात. तिकडून आणलेल्या नव्या बैलांना आमचं ‘हो हो’ कळायचं नाही, तेव्हा आजीलाच बोलवायचे. आणि मी? ती बैलांचीच भाषा आहे, असं मला अकरावीपर्यंत वाटत होतं. भूगोलात विजापूर पाठ, पण आजी तिथलीच आहे हे डोक्यात शिरलं ते त्या दुपारी.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले. “पाय उचला,” म्हणाले. आजी छताकडेच बघत राहिली.

“साहेब, मी सांगून बघू?”

दावं बैलाच्या पायात अडकलं की आजी ओरडायची, तस्सं मी ओरडले, “ए, काल एत्तु!” म्हणजे पाय उचल.

सगळा वॉर्ड वळला. दादा खेकसले, “अगं, म्हातारीला बैलावानी हाकतीस व्हय!”

चादरीखाली डावा पाय हळूच वर आला.

“परत सांग,” डॉक्टर म्हणाले. मी परत ओरडले. पाय परत आला. “समज शाबूत आहे,” ते म्हणाले. “घरी न्यायचं नाही.”

‘नीरु कुडि’ म्हणजे पाणी पी. पुढे त्याच हुकमावर ती चमच्याने गिळायला शिकली आणि नळी निघाली. उजवा हात काही परत आला नाही. मराठी मात्र लंगडत लंगडत आली. घरी एकदा मी पेज भरवताना ‘कुडि, कुडि’ लावलं होतं. आजीने चमचा ढकलला. “आता पुरं कर भवाने. मी काय बैल हाय?” मी रडले आणि वाटीतली पेज तिच्या लुगड्यावर सांडली. त्यावरूनही बोलणी खाल्ली.

तुमच्या घरी कुणावर ही वेळ आली तर आधी दवाखाना गाठा. आणि बोलणं थांबलं म्हणजे माणूस गेलं, असं धरू नका. लहानपणी ज्या बोलीत त्याला हाका मारल्या असतील, त्या बोलीत हाक मारून बघा.

आता मीही ब्लडप्रेशरची गोळी खाते आणि थोडी भितेही. नातीला सांगून ठेवलंय, मी पडले तर ‘ग्रॅनी, ग्रॅनी’ करत बसू नको. ‘ऊठ गं भवाने’ म्हणून ओरड. तरी पाय हलला नाही, तर मग खुशाल घाबर.