गोधडीखालचा फोन

यावलला आमच्या घरी फोन आला, तेव्हा बिल दोन महिन्यांनी यायचं. किस्से मात्र रोज! परवा आम्ही सगळे जमलो, एकाने एक सांगितला आणि मग बाकीचे रांगेने आलेच.

फोन घेतला तो माझी नणंद लता हिच्यासाठी. ती लग्न होऊन शिरपूरला गेली आणि सासूबाईंना, म्हणजे अक्कांना, घास गोड लागेना. "निदान तिचा आवाज तरी ऐकू," म्हणून सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, अर्ज केला होता.

पण पहिली घंटा वाजली आणि सगळे भिंतीला टेकले. "तू घे!" "नाही, तुम्ही घ्या!" असं करता करता घंटा थांबली. आबांनी कपाळावरचा घाम पुसला. म्हणाले, "बरं झालं. वाईट बातमी असेल तर टळली!"

*

शेजारच्या कमलताईंनी आमचा नंबर सगळ्या नातेवाइकांना वाटला. रोज दुपारी निवडायची भाजी घेऊन आमच्या ओट्यावर येऊन बसायच्या. पंधरवड्याने उठल्या त्या रागातच.

"तुमच्या फोनात काही दम नाही, वहिनी. माझ्या माहेरचा एकही फोन आला नाही!"

"माहेरी कोणाकडे आहे फोन?"

"नाही ना अजून!"

*

हळूहळू आम्हाला जिथे तिथे घंटा ऐकू यायला लागली. सायकल गेली की आबा उठायचे. भाकरी तव्यावर टाकून मी पळायची.

एकदा आमचे हे आंघोळ करत होते. घंटा ऐकली आणि टॉवेल गुंडाळून, साबणाच्या तोंडाने धावत बाहेर! बराच वेळ आत आलेच नाहीत. पाहते तर फाटकापाशी उभे, हातात कुल्फ्या.

"कुल्फीवाल्याची घंटा होती. आता एवढं पळालोच आहे, तर म्हटलं..."

*

शेवटी अक्काच वैतागल्या. कोणी धड जेवत नव्हतं, धड झोपत नव्हतं. एका दुपारी त्यांनी जाड गोधडी आणली आणि फोनवर घातली.

"जेवताना दारी पाहुणा आला तर आपण त्याले बस म्हणतो ना? यालेबी बसू द्या थोडं!"

त्या दिवशी आबांनी कितीतरी दिवसांनी ढेकर दिला. तेव्हापासून जेवणाच्या वेळी आणि दुपारच्या झोपेला फोन गोधडीखाली. कमलताई डोकावून हळूच म्हणाल्या, "काय गं, ताप आलाय का त्याला?"

*

घर ताळ्यावर आलं, पण ज्यांच्यासाठी फोन घेतला त्या अक्का लताशी बोलेनात! तिचा फोन आला की रिसीव्हर कानाला लावायच्या, आवाज ऐकायच्या आणि माझ्या हातात देऊन स्वयंपाकघरात. लता एसटीडी बूथवरून बोलायची, त्यामुळे त्या परत येईपर्यंत फोन बंद झालेला. दर वेळी हेच. शेवटी लता रडायलाच लागली. "वहिनी, आई रागावलीय का माझ्यावर?"

मी स्वयंपाकघरात धावले. अक्का माठातून पाणी काढत होत्या.

"अक्का, लता रडतेय! तुम्ही इकडे काय करताय?"

"व माय! लेक एवढ्या लांबून आली. पानी दिल्याबिगर कशी बोलू मी?"

मी लताला सगळं सांगितलं. तिकडून आधी हुंदका आला, मग हसू.

पुढच्या रविवारी अक्कांनी गोधडी लवकर काढली आणि फोनशेजारी तांब्या-भांडं ठेवलं. घंटा वाजली. मी रिसीव्हर त्यांच्या कानाला लावला.

"आई, पाणी प्यायले गं. गार होतं!"

"पिलं?" अक्का खाली बसल्या, मांडी घातली आणि जे बोलायला लागल्या! गाय, लोणचं, लताची सासू, कमलताई, कुल्फी! तिकडे बूथमध्ये जावईबापू मीटरकडे बघून खाकरत होते, ते मला इथे ऐकू येत होतं.

"आई, ठेवते आता. मागे माणसं खोळंबलीत."

"अशी उपाशी कशी जाशीन? दोन भाकरी टाकायला काय वेळ लागते? जेवूनच जाय!" आणि रिसीव्हरवर हात ठेवून मला म्हणाल्या, "पाहत काय बसली? पीठ काढ!"

मी पीठ काढलं.