सुचित्राताईंचा डबा

केतकीच्या गाडीत पुढच्या सीटखाली सुचित्राताईंचा डबा लोळत होता. तो परत करायचा तर त्यात काहीतरी घालून द्यायला हवं, रिकामा कसा देणार? अहो, बाई नदीकाठच्या पार्किंगमध्ये गाडीत झोपते, सकाळी न्यूझीलंडमधल्या अप्पर हट गावाच्या लायब्ररीत तोंड धुते, पण ही रीत काही सुटत नाही! राग येतो आपल्या लोकांचा, खरंच.

केतकी पुण्याची, सॉफ्टवेअर टेस्टर. चांगली नोकरी होती, फ्लॅट होता. मग भिंतीपलीकडची माणसं तिच्याबद्दल वाईटसाईट बोलायला लागली. म्हणजे तिला तसं ऐकू यायचं. तिनं फ्लॅट बदलला, तिथंही तेच. तिसऱ्या जागी तिनं शेजाऱ्यांशी असं काही भांडण काढलं की मालकानं घर सोडायला सांगितलं. नोकरी त्याआधीच गेली होती. गाडीला शेजार नाही, म्हणून सुरुवातीला आवाज गप्प झाले. सुटले बाई, असं तिला वाटलं. डोंबलाची सुटतेय! थंडीनं झोप उडाली, डॉक्टरांनी आवाजांसाठी दिलेल्या गोळ्या कधी घेतल्या ते आठवेना, आणि आवाज परत आले ते थेट मागच्या सीटवर येऊन बसले.

हक्काचं असं एकच माणूस उरलं होतं. मंडळाच्या गणपतीत ओळख झालेल्या सुचित्राताई. मागच्या भेटीत त्यांनी पुरणपोळ्यांचा डबा हातात कोंबला होता आणि म्हणाल्या होत्या, "आमची खालची खोली रिकामीच असते गं. कधी लागली तर संकोच करू नकोस." ती खोली केतकीच्या डोक्यातून जात नव्हती. जायचं, सगळं खरं सांगायचं, खोली मागायची. पण हातात रिकामा डबा घेऊन? ह्या एका विचारात उन्हाळा सरला.

एप्रिलात एका गेटाशी फिजोआची पेटी दिसली. पेरूसारखी हिरवी फळं, इथं पानगळीत अंगणाअंगणात सडा पडतो, लोक वैतागून फुकट वाटतात. केतकीनं डबा गच्च भरला. स्विमिंग पूलवर जाऊन केस धुतले आणि सुचित्राताईंची बेल वाजवली.

"अगंबाई, केतकी! ये, ये!" झाकण उघडून त्या हरखल्याच. "फिजोआ! तुझ्या अंगणातले?"

सांग आता, सांग, तिनं स्वतःला बजावलं. मागून कोणीतरी हसलं. भिकारडी म्हणालं.

"हो," केतकी म्हणाली. "हीप्स लागलेत यंदा, नुसता ढीग."

"म्हणजे अंगणाचं घर मिळालं! हुश्श, जीव भांड्यात पडला बघ. फोन नाही, काही नाही, मला नको नको ते वाटत होतं. ती खोली तुझ्यासाठीच अडवून ठेवली होती. एक नर्सिंगची मुलगी मागे लागलीय, तिला आता हो म्हणून टाकते. देऊ ना?"

"द्या ना," केतकी म्हणाली, आणि चहा प्यायली.

निघताना सुचित्राताईंनी डबा घासूनपुसून शिऱ्यानं भरला. "आता मीच येणार हं तुझं घर बघायला!"

गाडी दिसू नये म्हणून तिनं कोपऱ्यापलीकडे लावली होती. शिरा अजून गरम होता. तिनं तो बोटांनी चाटूनपुसून खाल्ला आणि डबा पुन्हा सीटखाली सारला. आता परत करताना त्यात काय घालायचं, ह्याची काळजी तिला तिथंच लागली.