मोठेबाबांची पेज

माझ्या बाबांचा उजवा हात मनगटात वाकडा आहे. तो त्यांच्या सख्ख्या थोरल्या भावानं मोडला. आम्ही त्यांना मोठेबाबा म्हणायचो. जुनं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेल्यावर दोघं भाऊ पुनर्वसनाच्या गावात शेजारी-शेजारी राहायला आले, आणि धरणात जाळं कुणी कुठं टाकायचं यावरून एका सकाळी भांडण झालं. मोठेबाबांनी डोंगा, म्हणजे लहान होडी, ढकलायचा बांबू उचलला. हाड नीट जुळलंच नाही. त्यानंतर बाबांना फेकजाळं टाकता आलं नाही. ते घरी बसून दुसऱ्यांची जाळी विणू लागले.

त्याच वर्षी माय प्रार्थनेला जाऊ लागली. शेजारच्या गावात एका घरी रविवारी थोडे लोक जमायचे. तिनं कुंकू लावणं सोडलं. गावानं नावं ठेवली, सगळ्यांत जास्त मोठेबाबांनी. ती रस्त्यात दिसली की ते थुंकायचे. "बाटगी!"

मग त्यांना लकवा मारला. बायको आधीच गेलेली, दोन्ही मुलं हैदराबादकडे कामाला. डावी बाजू लुळी पडली. उजवा हात आणि जीभ शाबूत राहिली. तिसऱ्या दिवशी माय पेजेचा गंज, म्हणजे पातेलं, घेऊन त्यांच्या घरी निघाली.

"काहून?" बाबांनी विचारलं.

"वैऱ्यावरच प्रेम करा लागते. येशूनं तसंच सांगतलं."

"माह्या हाताले कधी एवढं जपलं का तुनं?"

माय गंज सावरत निघून गेली.

भासऱ्यासमोर, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावासमोर, आमच्याकडे बाई उघड्या डोक्यानं उभीसुद्धा राहत नाही. मायनं त्यांना भरवलं, पुसलं, त्यांचे कपडे बदलले. ते घास गिळायचे आणि शिव्या द्यायचे. एकदा त्यांनी तोंडातली पेज तिच्या तोंडावर थुंकली. तिनं पदरानं चेहरा पुसला आणि पुढचा चमचा भरला. मी दारातून पाहत होते. मला तिचाच राग आला.

उन्हाळ्यात माय तापानं पडली. मी तेव्हा बी.ए.ला होते. तिनं गंज माझ्या हातात दिला. मी तो बाजेपासून लांब, स्टुलावर ठेवला. त्यांचा चांगला हात पोचणार नाही हे बघूनच ठेवला. शेजारी पाण्याचा लोटा. आणि समोर बसले.

"पानी दे."

"हात लांबवा."

त्यांनी लांबवला. बोटं हवेत हलली. आधी शिव्या आल्या, मग त्याही संपल्या. "बाई, घसा सुकून राहिला व," ते म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला बाई म्हटलं. मी मोबाइल बघत राहिले. त्यांच्या खालची गोधडी ओली झाली, तेही बघितलं. मग ते रडू लागले आणि मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, खूप बरं वाटलं. पेज गाईपुढं ओतून मी घरी आले.

"जेवले," मी मायला सांगितलं.

संध्याकाळी ती तापातच उठून तिकडं गेली. परतली तेव्हा तिच्या काखेत ती गोधडी होती. तिनं मला मारलं नाही, ओरडलीही नाही. न्हाणीत गोधडी आपटता आपटता म्हणाली, "त्याहिच्यावर प्रेम करनं मले जमून गेलं होतं. आता तुह्यावर करनं शिका लागन."

दुसऱ्या दिवसापासून ती माझ्याशी फार हळू, फार गोड बोलू लागली. मोठेबाबांना भरवताना जो आवाज ती काढायची, तोच. पूर्वीसारखी ती माझ्यावर चिडावी म्हणून मी मुद्दाम ताटं आपटली, उलटून बोलले. ती चिडली नाही.

पावसाळ्याच्या तोंडावर मोठेबाबा गेले. मुलं आली. थोरल्या मुलानं मायला उंबरठ्यावरच अडवलं.

"बाटलेल्या बाईचा हात मयताले नको लागाले."

इतके महिने जे शरीर तिनं धुतलं होतं, ते उचलून नेईपर्यंत ती अंगणाबाहेर उन्हात उभी राहिली. बाबा घरात जाळं विणत होते. त्यांनी मान वर केली नाही.

उन्हाळ्यातल्या त्या दुपारचं मी बाबांना आजवर सांगितलेलं नाही. ते रागावतील म्हणून नाही. ते खूश झाले असते.